पहिल्यांदाच कर्नल कंपाइल केला, आता पॅनिक येतंय

नवाभिडू:
उबुंटूवर कर्नल डॉट ऑर्गवरून लिनक्स कर्नलचा (सिस्टीमचा गाभा) सोर्स उतरवला, चालू कर्नलची कॉन्फिग कॉपी केली, मेक ओल्डडेफकॉन्फिग (नव्या पर्यायांना डिफॉल्ट लावतं) मारलं आणि मेक लावून दिलं तर मध्येच बंद, म्हणे कॅनॉनिकलच्या (उबुंटूवाल्यांच्या) सर्टिफिकेट्सची पेम फाइल बनवायचा रूलच नाही. शोधून कॉन्फिगमधली ट्रस्टेड कीजची ओळ रिकामी केली, मग रिव्होकेशन कीजवरून तेच रडगाणं, तीही रिकामी केली, झालं एकदाचं. बीझेडइमेज (तयार झालेली कर्नल फाइल) बूट फोल्डरमध्ये टाकली, ग्रब (बूटचा मेन्यू) अपडेट केलं, आणि रीबूटला पॅनिक (कर्नल अडकून बंद): अनेबल टू माउंट रूट एफएस, अननोन ब्लॉक शून्य शून्य. डिस्क गेली का??

रात्रपाळी:
डिस्कला काही झालेलं नाही. शून्य शून्य म्हणजे कर्नलला रूट (सिस्टीमची मुख्य फाइलसिस्टीम) सापडलीच नाही. उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये बरेच ड्रायव्हर मॉड्यूल (गरजेला लोड होणारे वेगळे तुकडे) म्हणून असतात, ती मॉड्यूल्स राहतात रूटवर आणि रूट तर अजून माउंट व्हायचीय, म्हणून आधी इनिटरॅमएफएस (ते ड्रायव्हर घेऊन बूटला मेमरीत येणारी छोटी फाइलसिस्टीम) लागतो, तो तुम्ही बनवलाच नाही, नुसती इमेज कॉपी केली. ग्रबच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुन्या कर्नलवर या, सोर्समध्ये जाऊन सुडो मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल, मग सुडो मेक इन्स्टॉल. उबुंटूवर मेक इन्स्टॉल इनिटरॅमएफएस पण बनवतं आणि ग्रब पण अपडेट करतं. जुना कर्नल मात्र काढू नका.

(पॅनिकपर्यंत पोचलात म्हणजे सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासूनच बूट करणं, बंद असणार, नाहीतर सही नसलेला कर्नल ग्रबनेच दारातून परत पाठवला असता.)

बिटबाईट:
मॉड्यूल्स_इन्स्टॉलच्या आधी इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ (मॉड्यूल्समधली डीबग माहिती काढून टाकतं) लाव भावा, उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये डीबग इन्फो चालू असते, मॉड्यूल्स अवाढव्य होतात आणि बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर इनिटरॅमएफएस त्यात मावतच नाही.

नवाभिडू:
झालं!! युनेम मायनस आर नवीन व्हर्जन दाखवतंय. पण कंपाइलला फार वेळ गेला, दर वेळी एवढाच लागणार का?

रात्रपाळी:
नाही, मेक क्लीन केलं नाही तर बदललेलंच परत कंपाइल होतं. मेक लोकलमॉडकॉन्फिग पण आहे, त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स ठेवून बाकीची बंद करतं, वेळ खूप वाचतो. फक्त ते चालवायच्या आधी पेनड्राइव्ह, वेबकॅम, ब्लूटूथ, जे जे वापरता ते सगळं जोडून घ्या, नाहीतर पुढचा धागा वेबकॅम का चालत नाही म्हणून निघेल :)