दुर्बिणीने होतं, पण सगळ्यांचं नाही

इथल्या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की जुन्या ऑपरेशननंतर आतडी चिकटून लहान आतडं अडकलं की आता ऑपरेशन सरळ दुर्बिणीनेच (छोट्या छिद्रांतून कॅमेरा घालून) करून घ्यावं, चार दिवसांत घरी. अर्धं पटतं. २०१९ मध्ये फिनलंड-इटलीतल्या लॅसो चाचणीचे (दुर्बीण आणि पोट उघडणं यांची तुलना करणारा अभ्यास) आकडे आले, त्यात दुर्बिणीवाले सरासरी ४.२ दिवसांत घरी गेले आणि पोट उघडलेले ५.५ दिवसांत, पण पेशंट निवडून घेतलेले होते, चिकटलेल्या पेशींचा एखादाच पट्टा आतड्याला आवळून बसलाय असे. आधी दोन-तीन ऑपरेशनं झालेली, आतडी जागोजागी चिकटलेली, तिथे हे गणित चालत नाही. फुगलेल्या आतड्यामुळे पोटात कॅमेऱ्याला जागाच उरत नाही, आणि त्या पातळ झालेल्या भिंतीला चिमट्याने धरलं की भोक पडायची भीती. म्हणून सर्जन बहुतेकदा अडथळ्याच्या पुढच्या, रिकाम्या आतड्यापासून सुरुवात करून मागे मागे जातात.

माझ्या आत्याचं गर्भाशय काढल्यावर नऊ वर्षांनी असंच आतडं अडकलं. आम्ही सगळे दुर्बिण दुर्बिण करत होतो, पण सीटीमध्ये आतड्याचा रक्तपुरवठा ठीक दिसला म्हणून डॉक्टरांनी नाकातल्या नळीतून गॅस्ट्रोग्राफिन (एक्स-रेत दिसणारं द्रव औषध) दिलं आणि दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, औषध मोठ्या आतड्यात उतरलेलं दिसलं, संध्याकाळी वारा सरला, ऑपरेशन टळलं. हा मधला उपाय इथे कुणीच लिहिला नव्हता. मात्र ताप, पोट दगडासारखं कडक, सतत असह्य दुखणं असलं तर ह्याची वाट बघू नका, आतडं काळं पडत असू शकतं. आणि दुर्बिणीने सुरू केलं तरी गरज पडल्यास पोट उघडायची संमती आधीच घेतात, ती सही करताना घाबरू नका.