मदत हवी आहे: एसजीओटी २१४ आलंय, लिव्हर खराब झालं का?

घाईत_आहे
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. एलएफटीचा (लिव्हरच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आत्ताच मोबाइलवर आला. एसजीओटी २१४, एसजीपीटी ९८, बिलिरुबिन १.९. तिन्हींपुढे लाल बाण. डॉक्टर सोमवारशिवाय भेटणार नाहीत आणि नव्या नोकरीसाठी फिटनेस सर्टिफिकेट मागतायत. लिव्हर खराब झालंय का? काय खायचं, काय बंद करायचं आणि आकडे किती दिवसांत खाली येतात, एवढंच सांगा. 'डॉक्टरांना भेटा' लिहू नका, भेटणारच आहे.

निंबोणी
वय? पुरुष की स्त्री? दारू, सिगारेट? चालू औषधं? डोळे पिवळे दिसतात का? उलट्या, ताप, पोटात दुखणं? आधीचा एखादा रिपोर्ट?

घाईत_आहे
पुरुष. औषधं नाहीत. त्रास काहीच नाही. आता सांगा.

बारा_गावचं_पाणी
एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आहे. दारूने लिव्हरला सूज आली की नेमकं असंच दिसतं, हे कुणीही डॉक्टर सांगेल. भाऊ, इथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. किती घेता ते खरं सांगा, मग पुढचं बोलू.

घाईत_आहे
एक थेंब घेत नाही.

बारा_गावचं_पाणी
माझा मेव्हणाही असंच म्हणायचा.

हरितमार्ग
पॅनिक होऊ नका. लिव्हरमध्ये टॉक्सिन साचले की आकडे वाढतात. एकवीस दिवस डिटॉक्स करा. पहिले तीन दिवस फक्त रस, मग ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि जोडीला अश्वगंधा. मी वर्षातून दोनदा करतो. शरीर हलकं होतं, चेहरा उजळतो.

निंबोणी
@हरितमार्ग, ज्याचे लिव्हरचे आकडे वाढलेत त्याला या कॅप्सूल सुचवू नका हो. ग्रीन टीचा अर्क, अश्वगंधा, काळी मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल, या तिन्हींमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कपातला चहा वेगळा आणि गोळीत कोंबलेला अर्क वेगळा.

@घाईत_आहे, सगळा रिपोर्ट टाका. जीजीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, अल्ब्युमिन, आणि बिलिरुबिनचं डायरेक्ट-इनडायरेक्ट.

घाईत_आहे
त्यांच्यापुढे लाल बाण नव्हता म्हणून लिहिलं नाही. जीजीटी २२, अल्कलाइन फॉस्फेटेज ८४, अल्ब्युमिन ४.४. बिलिरुबिन डायरेक्ट ०.४, इनडायरेक्ट १.५. हिमोग्लोबिन नॉर्मल, प्लेटलेट २ लाख ६० हजार. वय ३४. अजून काय हवंय, जन्मवेळ?

सूत्रधार
थांबा, फिब-४ काढून देतो, लिव्हरमधल्या व्रणांचा अंदाज देणारा आकडा. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. तुमचं येतंय २.८३. १.३ च्या खाली असेल तर चिंता नाही, २.६७ च्या वर म्हणजे लिव्हरमध्ये बरेच व्रण झालेले असण्याची शक्यता, म्हणजे फायब्रोसिस. घाबरवायचं नाही, पण फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्या. लांबवू नका.

घाईत_आहे
फायब्रोसिस म्हणजे सिरोसिसच ना? मला काही होतही नाहीये! सोनोग्राफीत नुसतं ग्रेड १ फॅटी लिव्हर होतं.

निंबोणी
कुठली सोनोग्राफी? हे आत्ता सांगताय?

घाईत_आहे
गेल्या वर्षीची. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते काही विशेष नाही, वजन कमी करा. म्हणून लिहिलं नाही.

पोटोबा_आधी
ग्रेड १ म्हणजे काहीच नसतं, निम्म्या ऑफिसला असतं. मला ग्रेड २ होतं. साखर आणि गोड पेयं बंद केली, रोज चालायला लागलो, आता सोनोग्राफी क्लिअर. २०२३ मध्ये फॅटी लिव्हरचं नाव पण बदललं, आता मॅस्ल्ड म्हणतात. नाव बदलून चरबी जाते का, विचारा.

सूत्रधार
'काहीच नसतं' असं सरसकट नका सांगू. सोनोग्राफीतली ग्रेड फक्त चरबी किती दिसते ते सांगते. व्रण आहेत की नाहीत हे त्यावरून कळत नाही. ग्रेड १ वाल्याला फायब्रोसिस असू शकतो आणि ग्रेड ३ वाल्याला नसूही शकतो. म्हणूनच मी फिब-४ काढून दिलं.

नळी_क्रमांक_सहा
मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. एक विचारते. व्यायाम करता का? रक्त देण्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत काय काय केलं होतं?

घाईत_आहे
करतो. वजन कमी करा म्हणाले होते म्हणून बऱ्याच महिन्यांच्या खंडानंतर जिम पुन्हा सुरू केली. आदल्या संध्याकाळी ट्रेनरने पायांचा व्यायाम घेतला, स्क्वॉट वगैरे. अजून कठडा धरून जिना उतरतोय. पण मी लिव्हरचं विचारतोय, पायांचं नाही.

नळी_क्रमांक_सहा
पायांचंच बोलायला हवं. एसजीओटी काही फक्त लिव्हरमध्ये नसतं. स्नायूंत, हृदयात, लाल पेशींतही असतं. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचं, तरी थोडं स्नायूंत असतंच. सवय मोडलेल्या माणसाने एकदम जड वजन उचललं की स्नायूंचे तंतू दुखावतात आणि ही एन्झाइम रक्तात येतात. ती आठवडाभर किंवा त्याहून जास्त वाढलेली राहू शकतात. तुमचा नमुना तसाच दिसतोय. एसजीओटी जास्त, एसजीपीटी त्याच्या निम्म्याहून कमी, आणि जीजीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज एकदम नॉर्मल. जीजीटी स्नायूंत जवळपास नसतंच.

सीपीके नावाची तपासणी असते, तिलाच सीके म्हणतात. स्नायूंना इजा झाली की ते वाढतं. आमच्याकडे साधारण २०० पर्यंत नॉर्मल धरतात. सोमवारी डॉक्टरांना जिमचं स्वतःहून सांगा आणि हे करायचं का ते विचारा. ते विचारतील अशी वाट बघू नका.

आणि आत्ता हे बघा: लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद होतेय का? लघवी कमी झालीय का? मांड्या टणक सुजल्यात का? यातलं काही असेल तर सोमवार विसरा, आजच हॉस्पिटलमध्ये जा. स्नायू फार तुटले तर त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन किडनीला त्रास देतं. बरं, गडद लघवी काविळीतही होते, म्हणजे कसंही असलं तरी थांबायचं नाहीच.

घाईत_आहे
लघवी पिवळीच आहे, भरपूर होतेय. सूज नाही, फक्त दुखतंय. हे आधी कुणी का विचारलं नाही?

निंबोणी
कारण तुम्ही 'त्रास काहीच नाही' लिहिलं होतंत, भाऊ.

बारा_गावचं_पाणी
जिम करतो तो दारू पीत नाही असं थोडंच आहे. जीजीटी नॉर्मल असूनही पिणारे असतात.

नळी_क्रमांक_सहा
असतात, ते बरोबर. पण तुम्ही एका गुणोत्तरावरून माणसाला दारुडा ठरवलंत. ते गुणोत्तर दोन्ही एन्झाइम लिव्हरमधूनच आलीत असं गृहीत धरून वापरायचं असतं. @सूत्रधार, तुमच्या फिब-४ चंही तेच. एसजीओटी त्या सूत्राच्या अंशस्थानी आहे. ते मांडीतून आलं असेल तर २.८३ हा मांडीचा आकडा झाला. शिवाय ३५ च्या आतल्या वयात ते सूत्र तितकंसं भरवशाचं नाही.

सूत्रधार
मान्य, जिमचं माहीत नव्हतं. सूत्र चूक नाही, त्यात घातलेला आकडा चूक होता.

निंबोणी
बिलिरुबिनबद्दल मी सांगते, कारण माझं स्वतःचं कायम १.६ ते २.२ असतं. डायरेक्ट नॉर्मल आणि फक्त इनडायरेक्ट वाढलेलं असेल, बाकी एलएफटी व्यवस्थित असेल, तर बऱ्याचदा गिल्बर्ट सिंड्रोम निघतो. जन्मजात असतो, औषध लागत नाही, लिव्हर बिघडत नाही. उपाशी राहिलं, आजारी पडलं, दमछाक झाली की वाढतं. लाल पेशी जास्त फुटत नाहीत ना, एवढं बघून घेतात. त्यासाठी हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) तपासतात. तुम्ही रक्त द्यायच्या आधी किती वेळ उपाशी होतात?

घाईत_आहे
रात्री जेवलोच नव्हतो. रिपोर्ट चांगला यावा म्हणून.

निंबोणी
🙏

छातीत_जळजळ
लिव्हरचा विषय चाललाय म्हणून विचारतो. मी पॅन्टोप्राझोल रोज घेतो, बरीच वर्षं. लिव्हरला चालतं का? आणि तरी जळजळ थांबत नाही ती का? जेवण झालं की लगेच घेतो, एकदाही चुकवत नाही.

पोटोबा_आधी
जेवणानंतर घेऊन काय उपयोग? ती गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. अन्न पोटात गेलं की आम्ल तयार करणारे पंप चालू होतात, त्या वेळी औषध रक्तात असायला हवं. अर्ध्या लोकांची 'गोळी लागू पडत नाही' ही तक्रार इथेच मिटते. बाकी वर्षानुवर्षं चालू ठेवायची की नाही, हे डॉक्टरांना विचारा. एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळून येतं.

हरितमार्ग
सगळं मूळ पोटातल्या जंतूत आहे. एच पायलोरी! ते मारा, अ‍ॅसिडिटी गायब.

पोटोबा_आधी
अर्धवट माहिती. एच पायलोरीने जठराला सूज येते, अल्सर होतो, हे खरं. बॅरी मार्शलने १९८४ मध्ये ते जंतू स्वतः पिऊन दाखवले आणि २००५ साली रॉबिन वॉरनबरोबर नोबेल मिळवलं. पण छातीत जळजळ म्हणजे बहुतेकदा आम्ल वर येणं, ते या जंतूमुळे होत नाही. आणि आधी अर्क-कॅप्सूल सांगणारे तुम्हीच ना? आता अँटिबायोटिकवर आलात.

हरितमार्ग
अँटिबायोटिक कोण म्हणालं? त्यालाही नैसर्गिक उपाय आहे. तुम्ही लोक गोळ्यांच्या पलीकडे बघतच नाही. लिव्हर साफ ठेवणं एवढंच माझं म्हणणं आहे.

नळी_क्रमांक_सहा
लिव्हर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, वर्षातून दोनदा गाळ उपसायला. ते नको असलेल्या पदार्थांचं रासायनिक रूप बदलून पित्तातून आणि लघवीतून बाहेर टाकतं, चोवीस तास.

@छातीत_जळजळ, गिळताना अन्न अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, हिमोग्लोबिन कमी होणं, यातलं काही असेल तर गोळी बदलत बसू नका, एंडोस्कोपीबद्दल विचारा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, तेही लक्षात असू द्या. एच पायलोरीची श्वासाची तपासणी करायची झाली तर पॅन्टोप्राझोल दोन आठवडे आधी थांबवावं लागतं, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकतं. मात्र थांबवायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

सदा_सुखी
सर्वांनी हिपॅटायटिस बीची लस घ्या. तीन डोस. हिपॅटायटिस सी वर लस नाही, पण आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जण पूर्ण बरे होतात. माहितीसाठी.

घाईत_आहे
मी लस विचारली नव्हती. अंग दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल घेतलंय, त्याने आकडे अजून वाढतील का?

निंबोणी
तुम्ही वर 'औषधं नाहीत' म्हणालात.

घाईत_आहे
ते काय औषध आहे का? अंगदुखीची गोळी.

नळी_क्रमांक_सहा
😐 निरोगी मोठ्या माणसाला चोवीस तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, आणि लिव्हर खरंच बिघडलेलं असेल तर त्याहून कमी. ५०० मिलिग्रॅमच्या एक-दोन गोळ्यांनी २१४ होत नाही. मात्र सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, नकळत दुप्पट होतं, तेवढं बघा. जिममध्ये कुणी पावडर, फॅट बर्नर वगैरे दिलंय का? ते पण औषधच धरा.

घाईत_आहे
फक्त प्रोटीन पावडर. डबा दाखवीन डॉक्टरांना.

(काही दिवसांनी)

घाईत_आहे
अपडेट. सोमवारी डॉक्टरांना जिमचं सांगितलं. त्यांनी लगेच सीपीके, क्रिएटिनिन (किडनीसाठी), हिपॅटायटिस बी आणि सी केलं. सीपीके ५,२००! क्रिएटिनिन नॉर्मल, दोन्ही हिपॅटायटिस निगेटिव्ह. भरपूर पाणी आणि जिम बंद असं सांगून पुन्हा बोलावलं. आज परत रक्त दिलं: एसजीओटी ४६, एसजीपीटी ६८. बिलिरुबिन १.३, या वेळी नाश्ता करून गेलो होतो. पण आता एसजीपीटी जास्त आणि एसजीओटी कमी, उलटं कसं झालं? नवीन काही बिघडलं का?

नळी_क्रमांक_सहा
नाही. एसजीओटी रक्तातून लवकर उतरतं, अर्धं व्हायला साधारण १७ तास लागतात. एसजीपीटीला ४७ च्या आसपास. म्हणून मागे एसजीपीटी रेंगाळतं.

सूत्रधार
नवीन फिब-४: ०.७३. 👍

पोटोबा_आधी
तरी ६८ हे थोडं जास्तच. ते उरलेलं स्नायूंचं की फॅटी लिव्हरचं, हे अजून काही आठवड्यांनी केल्यावर कळेल. वजनाचं सोडू नका. ५ टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांनी सूजही उतरते. आणि कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची प्या, लिव्हरच्या बाबतीत कॉफी पिणाऱ्यांचे आकडे चांगले दिसतात.

छातीत_जळजळ
कॉफीने मला जळजळ होते.

घाईत_आहे
डॉक्टरही महिन्याने परत करा म्हणाले. जिम हळूहळू सुरू करायची, आणि तपासणीच्या आधी आठवडाभर जड व्यायाम नाही. सर्टिफिकेट मिळालं. नळीताई, निंबोणी, आभार. बारा गाव, मेव्हण्यांना नमस्कार सांगा. धागा बंद केला तरी चालेल.

छातीत_जळजळ
बंद नका करू, माझं राहिलंय. ती श्वासाची तपासणी उपाशीपोटी करायची का?

नळी_क्रमांक_सहा
हो, काही तास. पण त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि वय, औषधं, सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.