झेड४ ३५आय: ऑइल घरीच बदलायचंय. गेजपट्टी नाही, जॅक शिरत नाही

दांडियाबाजारकर
मंडळी, गाडी २०११ ची बीएमडब्ल्यू झेड४ ३५आय (ई८९), इंजिन एन५४, दोन टर्बोवालं. ऑइल आणि फिल्टर घरी बदलायचा आहे. हाताशी १७ चा रिंग पाना, अर्ध्या इंची रॅचेट आणि दोन टनी ट्रॉली जॅक आहे. जागा म्हणजे बडोद्यातल्या सोसायटीचं पार्किंग, सपाट, पण पेव्हर ब्लॉकचं.

अडचणी अशा:
१) पुस्तकात ६.५ लिटर आहे, काही जण ७ सांगतात. खरं काय?
२) इंजिनाला गेजपट्टीच (ऑइलची पातळी बघायची पट्टी) नाही. भरलेलं बरोबर आहे हे कळणार कसं?
३) जॅक पुढून घालायला गेलं की बंपर आडवा येतो.
४) इथल्या उन्हाळ्यात ५डब्ल्यू-३० पुरतं की ४० चं घालू?

सतरा_नंबरी
साडेसहाच, फिल्टर धरून. सातवा लिटर जरूर घ्या, पण तो डिकीत ठेवायला.

सामान आधी जमवा. बोल्ट काढून ठेवला आणि वॉशरसाठी दुकान शोधत बसलात तर गाडी जागची हलणार नाही. फिल्टर मान कंपनीचा एचयू ८१६ एक्स किंवा त्याच मापाचा दुसऱ्या चांगल्या कंपनीचा. डब्यात टोपणाची मोठी ओ-रिंग आणि ड्रेन बोल्टचा वॉशर आहे का ते दुकानातच उघडून बघा. वॉशर नसेल तर १२ मिमीचा तांब्याचा मकरपुरा जीआयडीसीकडे नट-बोल्टवाल्यांकडे मिळेल. फिल्टरच्या टोपणाला कपासारखा पाना लागतो: ८६ मिमी, १६ खाचा. टोपण प्लास्टिकचं आहे, त्याला चेन पाना किंवा पक्कड लावलीत की कडा गेल्याच समजा. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरावर आवळायचा) छोटा घ्या, १० ते ६० न्यूटन-मीटरचा. चाकांचे नट आवळायचा २०० वाला इथे कामाचा नाही, आपल्याला लागणारा २५ हा आकडा त्याच्या पट्टीच्या अगदी तळाला येतो आणि तिथे त्याचा भरवसा नसतो.

आता काम. इंजिन दहाएक मिनिटं चालवा आणि बंद करून तेवढाच वेळ थांबा. ऑइल कोमट हवं, उकळतं नको. एक्सप्रेसवेवरून दामटून आणलेल्या गाडीचं ऑइल शंभर अंशांच्या वर असतं आणि पहिली धार नेमकी मनगटावर येते.

खाली शिरण्याआधी बॉनेट उघडून फिल्टरचं टोपण सैल करा. फिल्टर वरच आहे, इंजिनाच्या पुढच्या अंगाला. टोपण सैल झालं की आत हवा जाते आणि फिल्टरच्या घरातलं ऑइल खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. हे विसरून शेवटी टोपण उघडलंत तर ते ऑइल इंजिनावर सांडतं, आणि मग गळती जुनी की आताची हेच कळत नाही.

खालचं प्लास्टिकचं कव्हर काढा, स्क्रू बहुतेक ८ मिमी डोक्याचे. बोल्ट ओळखून घ्या: इंजिनाच्या चेंबरचा बोल्ट १७ चा, एम१२ बाय १.५ आट्यांचा. गिअरबॉक्सचं चेंबर त्याच्या मागे आहे. तिथला बोल्ट उघडून डीसीटीचं, म्हणजे दोन क्लचवाल्या गिअरबॉक्सचं, ऑइल काढून बसणारे लोक आहेत. मग इंजिनात जुन्यावर नवं भरलं जातं आणि गिअरबॉक्स कोरडा राहतो.

पान्याने बोल्ट फक्त मोकळा करा, पुढे बोटांनी फिरवा. शेवटचे दोन-तीन आटे उरले की बोल्ट वर दाबून धरत फिरवा आणि सुटल्याचं जाणवताच झटक्यात बाजूला घ्या. धार सुरुवातीला तिरकी लांब पडते आणि जोर ओसरला की जवळ येते, त्यामुळे घमेलं सरकवत राहावं लागतं. घमेलं निदान आठ लिटरचं हवं. जुना वॉशर बोल्टला किंवा चेंबरला चिकटून राहिलेला असतो. तो नखाने खरवडून काढा, एकावर एक दोन वॉशर बसले की गळणारच.

नवा वॉशर, बोल्ट हाताने पूर्ण आत, मग २५ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर हिशेब असा: २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साडेबारा किलोचा जोर म्हणजे २५. दिसायला कमी वाटतो आणि म्हणूनच लोक आणखी एक झटका देतात. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं आहे. आटे गेले तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून घ्यावं लागतं. तेही जमलं नाही तर चेंबर बदला, आणि ते उतरवायला पुढची सबफ्रेम (इंजिनाखालचा सांगाडा) खाली घ्यावी लागते. तांब्याच्या एका वॉशरसाठी केवढा उद्योग!

फिल्टर टोपणात दाबून बसवा, टक् असा आवाज येतो. जुनी ओ-रिंग काढताना ती कुठल्या खाचेत होती ते नीट बघून ठेवा. टोपणाला आटे आहेत, खाच त्यांच्या वर आहे. रिंग घाईत आट्यांवरच गुंडाळली की टोपण घट्ट लागल्यासारखं वाटतं आणि इंजिन सुरू होताच ऑइल उडतं. रिंगला नव्या ऑइलचं बोट फिरवा. टोपणही २५ वर, आकडा टोपणावरच छापलेला असतो.

आधी सहा लिटर भरा. इंजिन सुरू करून दोन मिनिटं नुसतं चालू ठेवा, रेस देऊ नका. टर्बोच्या नळ्यांत ऑइल पोचू द्या. बंद करून खाली टॉर्च मारून बघा. कोरडं असेल तर उरलेला अर्धा लिटर घाला.

गेजपट्टीचं: या इंजिनात पातळी सेन्सर मोजतो. ऑइल बदलल्यावर लगेच आकडा बघू नका. दहा किलोमीटर सलग चालवून, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून पडद्यावर बघा. ‘एक लिटर घाला’ असा निरोप आला तरी एकदम लिटर ओतू नका, अर्धा घालून पुन्हा मोजा. जास्त भरलेलं काढणं हे कमी पडलेलं भरण्यापेक्षा कटकटीचं.

आणि निघालेलं ऑइल मोजून कॅनमध्ये भरा. मागच्या वेळी साडेसहा घातलं आणि आता पाचच निघालं तर दीड लिटर कुठे गेलं हा पुढचा प्रश्न आहे.

फळीवाला_वाघोडिया
वरचं सगळं बरोबर, पण जॅकचा प्रश्न तसाच राहिला.

पेव्हर ब्लॉकवर ट्रॉली जॅक लावायचाच असेल तर खाली १८ मिमीचा प्लाय टाका. जॅक गाडी उचलताना पुढे सरकतो, चाक दोन ब्लॉकांच्या फटीत अडकलं की सरकणं थांबतं आणि गाडी तिरकी ओढली जाते. जॅक लावायचा तो कडेच्या पट्टीखालच्या चौकोनी रबरी ठोकळ्यावरच, इतर कुठे लावलात तर पत्रा आत जातो. एक ठोकळा जॅकने अडवला की घोडी (उचललेल्या गाडीखालचा स्टँड) लावायला जागा कुठे, हाही प्रश्न येतोच.

या कामाला खरं तर जॅकची गरजच नाही. दीड इंच जाड, दहा इंच रुंद अशा कठीण लाकडाच्या तीन-तीन फळ्या घ्या. सर्वात खालची लांब, वरची आखूड, पायऱ्यांसारख्या स्क्रूने जोडा. पुढचा टायर २२५ चा आहे, म्हणजे नऊ इंचाला जरा कमी, दहा इंचावर निवांत बसतो. पायरी बुटकी असल्यामुळे बंपर घासत नाही. वरच्या फळीवर चाक पूर्ण मावेल इतकी लांबी ठेवा आणि टोकाला एक आडवी पट्टी ठोका, म्हणजे चाक पुढे उतरणार नाही. साडेचार इंच उंची मिळते, हात आणि घमेलं आत जायला पुरेशी.

चढवताना एकाला बाहेर उभं करा. वर गेल्यावर पी, हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. पातळी मात्र फळ्यांवरून उतरवूनच मोजा.

दांडियाबाजारकर
फळ्यांची कल्पना झकास. ग्रेडचं कोणी सांगेल का? दुकानदार एक ५डब्ल्यू-३० देतोय, डब्यावर फक्त एपीआय (अमेरिकन मानक) आहे, बीएमडब्ल्यूचा उल्लेख नाही. दुसरं बीएमडब्ल्यूच्या एलएल-०४ मान्यतेचं आहे. शिवाय ऑइल भरायच्या टोपणाखाली खाकी साय दिसते.

स्निग्धांक
पहिला डबा परत करा. ५डब्ल्यू-३० हे दोन आकडे थंडीतलं वाहणं आणि शंभर अंशांवरचा दाटपणा एवढंच सांगतात. टर्बोच्या बेअरिंगला महत्त्वाचा आकडा वेगळा: १५० अंशांवर, घर्षणाखाली ऑइलचा थर किती टिकतो. बीएमडब्ल्यूच्या एलएल-०१ या मान्यतेत तो निदान ३.५ असावा लागतो. पेट्रोल वाचवण्यासाठी बनवलेली बरीचशी ५डब्ल्यू-३० ऑइलं तीनच्या आसपास असतात. दोन्ही डब्यांवर ग्रेड तोच, आतलं ऑइल वेगळं.

म्हणून आधी एलएल-०१ बघा, ग्रेड नंतर. त्या मान्यतेत ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४० सगळी मिळतात. मे महिन्यात शहराच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालणार असेल तर ४० चं घ्यायला हरकत नाही. ० की ५ याचा बडोद्यात काहीच फरक पडत नाही, इथे थंडी असते कुठे?

एलएल-०४ मध्ये राख कमी असते, डिझेल गाड्यांच्या धुराच्या फिल्टरसाठी. त्यात आम्ल मारणारी रसायनंही कमी, त्यामुळे गंधक जास्त असलेल्या पेट्रोलवर ते लवकर थकायचं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ पेट्रोलमध्ये गंधक १० पीपीएमवर आलंय, तेव्हा तो आक्षेप पूर्वीइतका राहिला नाही. तरी एलएल-०१ मिळत असताना ०४ घालायचं कारण दिसत नाही.

संगणक पंचवीस हजार किलोमीटरपर्यंतही ऑइल चालेल म्हणतो. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंच. अलकापुरी ते मांडवी अशा छोट्या फेऱ्या असतील तर ते उडून जायला ऑइल तेवढं तापत नाही. आठ-दहा हजार किंवा वर्ष, जे आधी होईल ते धरा.

सायीबद्दल: नुसती टोपणाला असेल आणि निघालेलं ऑइल काळं-तपकिरी असेल तर ती छोट्या फेऱ्यांची वाफ आहे. ऑइलच दुधी चहासारखं निघालं तर कूलंटची पातळी तपासा. गाडी ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात उभी होती का, हेही विचारून घ्या, विशेषतः सेकंड हँड घेतली असेल तर. चेंबरमध्ये पाणी असेल तर ते तळाशी बसतं, म्हणून बोल्ट सोडताच आधी पाणी येतं, मग ऑइल. तसं दिसलं तर नवं भरून इंजिन सुरू करू नका, आधी कारण शोधा.

सतरा_नंबरी
एक राहिलं, आणि एन५४ वाल्यांनी ते सोडूच नये. फिल्टरचं घर इंजिनाला जिथे जोडलंय, तिथलं गॅस्केट वयानुसार कडक होऊन गळतं. वरून बघितलं तर टोपणच गळतंय असं वाटतं. टोपण काढलेलंच आहे तर घराचा बुंधा कापडाने पुसून कोरडा करा आणि आठवड्याने बोट फिरवून बघा. बोट ओलं झालं तर गॅस्केट मागवा, स्वस्त आहे. ते ऑइल थेट खालच्या पट्ट्यावर ठिबकतं. पट्टा फुगतो, उसवतो, आणि त्याचे दोरे क्रँकच्या पुढच्या सीलमधून इंजिनात ओढले जातात. तिथून पुढे खर्चाला अंत नाही.

सर्व्हिसचा इशारा घालवायला: ब्रेक न दाबता स्टार्टचं बटण, मग मीटरवरचं ट्रिपचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, ऑइलचं चिन्ह आलं की पुन्हा धरा, ‘रीसेट’ आलं की परत एकदा. गाडीतली तारीख आधी बरोबर करून घ्या, नाहीतर पुढची तारीख भलतीच पडेल.

जुनं ऑइल गटारात नको, ते धोकादायक कचऱ्यात मोडतं. झाकण घट्ट लावून कॅन एखाद्या मोठ्या गॅरेजला द्या, त्यांचं ऑइल उचलायला अधिकृत रिसायकलवाले येतात.