चेंबूरमध्ये राहून मोठा पिकअप घ्यावा का?

चेंबूरकर:
नमस्कार. गुहागरजवळ आमची आंब्याची बाग आहे. एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला साधारण 60 पेट्यांची एक खेप मुंबईत आणून आम्ही त्या घरोघरी विकतो. गेल्या मोसमात ऐन अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी ठरलेला टेम्पो आलाच नाही आणि पिकायला आलेल्या पेट्या दोन दिवस पडवीत राहिल्या. तेव्हापासून नवीन टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस घ्यावी, असे मनात आहे. एरवी तीच गाडी कार्यालयात जाण्यासाठी आणि घरच्यांसाठीही चालेल. जाणकारांनी मत द्यावे.

घाटवाट:
हायलक्स मी चालवतो, गाडी उत्तम आहे. पण आपल्या हिशेबात पहिली अडचण वजनाची आहे. एक पेटी 20 किलोची धरली तरी 60 पेट्यांचे 1200 किलो होतात आणि हायलक्सची भारक्षमता एक टनाच्या आतच आहे. शिवाय मागे लोखंडी पाटे (लीफ स्प्रिंग) असल्याने हौदा रिकामा असताना खड्ड्यांत मागची सीट चांगलीच उसळते. माझ्या आईने तर दुसऱ्या फेरीनंतर पुढची सीट कायमची ताब्यात घेतली. इमारतीतले पार्किंगही आधी मोजा. गाडी 5.3 मीटर लांब आणि दोन टनांहून जड आहे. पार्किंग यांत्रिक असेल, तर त्याच्या खांबावरच्या पाटीवर किती वजन लिहिले आहे ते वाचा.

विमावाला:
मला मोठी अडचण विम्याची वाटते. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत मालवाहतूक वगळलेली असते. नमुने आणि वैयक्तिक सामान तेवढे चालते. विक्रीच्या पेट्या भरलेल्या असताना कशेडी घाटात अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला आयते कारण मिळेल. माल न्यायचाच असेल, तर 1.7 टन क्षमतेची बोलेरो पिकअप पिवळ्या पाटीवर घ्यावी. तिला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते, एवढी कटकट आहे. परवान्याची मात्र चिंता नको. हलक्या मोटारीच्या परवान्यावर 7500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

घाटवाट:
विम्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आणखी एक सांगतो. चेंबूर ते कार्यालय अशा रोजच्या रखडत्या, तोकड्या फेऱ्यांत बीएस-6 डिझेल गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर तुंबू लागतो. मग तो जळून साफ व्हावा म्हणून अधूनमधून गाडी महामार्गावर पळवून आणावी लागते. मी रविवारी खोपोलीपर्यंत जाऊन येतो आणि घरी मिसळीचे निमित्त सांगतो.

चेंबूरकर:
दोघांचेही आभार. काल रात्री टेप घेऊन खाली गेलो. आमच्या पार्किंगच्या पाटीवर 2000 किलो लिहिले आहे आणि गाडी उचलणारा पाळणा जेमतेम पाच मीटर भरला, त्यामुळे हायलक्सचा विषय तिथेच संपला. बोलेरो पिकअप मुंबईत उभी करायलाही जागा नाही. पण गुहागरला भावाच्या अंगणात ती राहील आणि मोसम सरल्यावर तो गावातला चिरा-वाळू वाहील. हप्ता निम्मा-निम्मा भरायची त्याची तयारी आहे का, हे रविवारी फोन करून विचारतो.