न्यू जर्सीत घर, न्यू यॉर्कची नोकरी: घरून काम केलेल्या दिवसांचा राज्यकर कोणाला?

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि माझ्या कंपनीचे कार्यालय मॅनहॅटनमध्ये आहे. आठवड्यातून साधारण दोन दिवस मी ट्रेनने पेन स्टेशनला जातो, बाकीचे दिवस बहुधा घरूनच काम करतो आणि २०२५ मध्ये कंपनीने प्रिन्स्टनमधल्या एका ग्राहकाच्या जागेवरही अधूनमधून पाठवले. आजवर दोन्ही राज्यांची विवरणपत्रे सॉफ्टवेअर सांगेल तशी भरली. यंदा मात्र आकडे स्वतः तपासायला बसलो आणि अडकलो.

पहिला घोळ डब्ल्यू-२ वरच, म्हणजे कंपनी देते त्या वार्षिक पगार-कराच्या दाखल्यावरच, झाला. सोळाव्या रकान्यात न्यू यॉर्कपुढे वर्षाचा संपूर्ण पगार आणि न्यू जर्सीपुढे त्याहूनही मोठा आकडा पाहून उत्पन्न दोनदा धरले की काय, असे वाटले. चौकशीअंती कळले की न्यू यॉर्क तेथे परराज्यातील रहिवाशाचाही पूर्ण पगारच दाखवायला लावते आणि न्यू जर्सी आरोग्य विम्याचा करपूर्व हप्ता वजा करू देत नाही. खरी विभागणी न्यू यॉर्कच्या आयटी-२०३-बी या परराज्यातील रहिवाशांच्या फॉर्मवर दिवस मोजून करायची असते.

ते दिवस माझ्याकडे आहेत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, गावी आई जिथे दुधाचे खाडे मांडत असे त्याच चौकटींत, मी वर्षभर ‘ऑ’, ‘घ’ आणि ‘प्रि’ अशी अक्षरे लिहिली. शनिवार-रविवार, सुट्ट्या, रजा आणि आजारपण वगळता कामाचे २३२ दिवस भरतात: कार्यालयात ८८, घरी १०८, प्रिन्स्टनला ३६.

एक मित्र म्हणतो की घरचे दिवस सरळ वजा करावेत, म्हणजे न्यू यॉर्कच्या वाट्याला ३८ टक्केच पगार येईल. परंतु माझ्या वाचनाप्रमाणे कर्मचारी स्वतःच्या सोयीने घरी बसला असेल, तर न्यू यॉर्क तो दिवस आपलाच मानते; कनेक्टिकटमध्ये राहून न्यू यॉर्कमध्ये शिकवणारे कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की याच मुद्द्यावर २००३ मध्ये न्यू यॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. मॅनहॅटनमध्ये माझ्यासाठी टेबल राखलेले असताना ‘घरी बसणे ही कंपनीची गरज होती’ असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्यामुळे केवळ प्रिन्स्टनचे ३६ दिवस वगळून १९६ दिवस, म्हणजे सुमारे ८४.५ टक्के पगार न्यू यॉर्कचा धरावा, असे माझे मत झाले आहे. पत्नी पेनसिल्व्हेनियात नोकरी करते, पण त्या राज्याशी न्यू जर्सीचा परस्पर करार (पगारावर राहत्या राज्यानेच कर घ्यायचा) असल्याने तिच्या पगाराचा प्रश्न नाही. तिचे उत्पन्न न्यू यॉर्कच्या दराच्या गणितात मात्र येतेच.

आता नेमके विचारायचे ते असे. प्रिन्स्टनच्या दिवसांसाठी कंपनीचे पत्र लागते, की प्रवासखर्चाची बिले आणि कॅलेंडर पुरेसे ठरते? दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराचे क्रेडिट मागण्याच्या न्यू जर्सीच्या एनजे-सीओजे तक्त्यात, दुसऱ्या राज्याने कर लावलेले उत्पन्न म्हणून मी घरच्या १०८ दिवसांचा पगारही धरतो आहे. असे क्रेडिट कोणाचे नाकारले गेले आहे का? आणि दोन्ही राज्यांच्या पगाराचे आकडे वेगळे असताना ८४.५ टक्के नेमके कोणत्या आकड्याचे घ्यायचे? सीपीएकडे (परवानाधारक लेखापालाकडे) जाणारच आहे. पण स्वतः या मार्गाने विवरणपत्र भरलेल्यांनी १५ एप्रिलपूर्वी अनुभव सांगितल्यास आभारी राहीन.