मामा दिल्लीत गेले, हे प्रमोशन की साइड पोस्टिंग?

सराफावासी: काल इंदूरच्या ५६ दुकानवर पोहे खाताना वाद झाला. मामा म्हणजे आपले शिवराजसिंह चौहान इतकी वर्षं मध्य प्रदेशचे सीएम, आणि २०२४ मधे केंद्रात कृषिमंत्री. एवढ्या माणसाला हे वर चढणं म्हणायचं का बाजूला सारणं?

जुनीइंदूर: अरे भिया, ते दिल्लीला नवे कुठे आहेत, १९९१ ला वाजपेयींनी विदिशाची लोकसभेची जागा सोडली तेव्हा पोटनिवडणुकीत तेच तर निवडून आले, भोपाळची सीएमची खुर्ची २००५ मधे मिळाली. म्हणजे ही घरवापसी! पण सीएमच्या सहीने जे चटकन होतं ते केंद्रात नाही होत, शेती मुळात राज्याचा विषय, तिथे राज्यांना मनवत बसा.

सराफावासी: पण विदिशात ८ लाखांवर लीड घेतली ना

जुनीइंदूर: हो, ती खरी. आपल्या इंदूरच्या लीडचं तर बोलूच नको, इथे काँग्रेसचा उमेदवारच पळाला आणि नोटाला (म्हणजे 'यापैकी कुणीच नको'ला) २ लाखांवर मतं 😄

मालतीकाकू: आपल्या इंदूरच्या सुमित्राताई महाजन बघा की. विधानसभा हरल्या, तरी १९८९ ला थेट लोकसभा, तीही काँग्रेसचे माजी सीएम प्रकाशचंद सेठींना हरवून, मग लागोपाठ ८ वेळा आणि शेवटी स्पीकर. भोपाळमार्गे जावंच लागतं असं कुणी सांगितलं?