'असंबंधित आजार' हा शब्द चालेल का? (एशिया चार्टवरचा तारा)

पानफुटी: मणक्याच्या इजेच्या पेशंटच्या घरच्यांसाठी मराठीत माहितीपत्रक करतेय. इजेनंतर ताकद आणि संवेदनेचे स्कोअर लिहायचा जो एशिया चार्ट असतो (ASIA, म्हणजे अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनचा), त्याच्या २०१९ च्या सुधारणेत स्कोअरपुढे तारा टाकायची सोय आली ना, म्हणजे ताकद किंवा संवेदना कमी भरली पण कारण मज्जारज्जूची इजा नाही, दुसरंच काहीतरी आहे, तर त्या दुसऱ्या कारणाला मी 'असंबंधित आजार' लिहिलंय. बरोबर वाटतंय का? स्कोअरला आधी 'तारांकित' लिहिलं होतं पण वाचताना हॉटेलच डोळ्यासमोर येतं, म्हणून खोडलं.

रात्रपाळी: 'आजार' नको. जुनं फ्रॅक्चर, खांद्याचं दुखणं, डायबेटिसने गेलेल्या पायाच्या नसा, सगळं यात येतं, त्यातलं निम्मं आजार नाहीच. आणि 'असंबंधित'ला तर माझा जास्तच आक्षेप आहे, कारण समजा माणूस बाइकवरून पडला, पाठीत मणका मोडला आणि त्याच पडण्यात मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या, तर ते असंबंधित कसं हो? अपघात तर एकच.

पानफुटी: हे पटलं. 'मज्जाबाह्य कारण' केलं तर?

रात्रपाळी: लोक अस्थिमज्जेकडे जातील :)

फिजिओवाली: शब्द काहीही ठेवा पण त्याने काय बदलतं ते पत्रकात सांगा ताई, नाहीतर घरच्यांना रिपोर्ट कळणारच नाही. वरचंच उदाहरण घ्या. इजा टी१० ला (मज्जारज्जूच्या पाठीतल्या दहाव्या भागाला), पाय दोन्ही शून्य, टी१० पर्यंत संवेदना छान, पण उजवा कोपर वाकवायची ताकद ५ पैकी २ च. कोपर वाकवणं म्हणजे सी५ चा, मानेतल्या पाचव्या भागाचा स्नायू. आता नुसता २ धरून हिशोब केला तर मोटर लेव्हल (ताकदीवरून ठरणारी इजेची पातळी) सरळ मानेत, सी४ ला जाते! कागदावर माणूस मानेच्या इजेचा होतो, आणि डावा हात तर धडधाकट. म्हणून २ च लिहायचा, पुढे तारा द्यायचा, आणि लेव्हल काढताना तिथे नॉर्मल धरायचं. मग लेव्हल येते टी१०, आणि ती धरून चालल्यामुळे आलीय म्हणून तिलाही तारा. ग्रेड ए (पूर्ण इजा) असेल तर त्याला मात्र तारा नाही, कारण ए ठरतो अगदी शेवटच्या सॅक्रल भागावरून, तिथे संवेदना नाही आणि गुदद्वार आवळता येत नाही यावरून, हाताचा त्यात काही संबंध नाही.

जुना कागद: पूर्वी ५ लाच तारा असायचा, म्हणजे दुखणं वगैरे नसतं तर पूर्ण ताकद भरली असती असा अर्थ. तो गेला आता. जुने रिपोर्ट वाचताना गल्लत होते, तेव्हाचा तारा आणि आताचा तारा एक नाही. पत्रकात एक ओळ टाकाच.

पानफुटी: म्हणजे तारा दिसला की नॉर्मल समजायचं?

फिजिओवाली: नाही नाही, तिथेच सगळे घसरतात. नॉर्मल धरायचं ते इजेच्या वर. खाली, समजा त्याच पेशंटच्या पायाची नस आधीपासूनच गेलेली असेल, तर ताऱ्यासकट जो भरला तोच सहसा धरतात, कारण तिथे मज्जारज्जूचा वाटा किती आणि नसेचा किती हे वेगळं काढणार कोण. आणि पाय कापलेलाच असेल तर आकडाच नाही, तपासता आलं नाही म्हणून एनटी, आणि मग त्या बाजूची बेरीजही निघत नाही.

रात्रपाळी: म्हणूनच म्हणतो 'असंबंधित' नको. खाली ते कारण आणि इजा एकमेकांत मिसळलेली असतात.

पानफुटी: मग 'मज्जारज्जूच्या इजेशिवायचं कारण'. लांबलचक आहे पण खोटं तरी नाही.

फिजिओवाली: हेच ठेवा. आणि कमेंटच्या चौकटीबद्दलही लिहा, तारा दिला की कारण काय आणि हिशोबात काय धरलं हे दोन्ही तिथे यायला हवं. 'जुना खांदा' एवढंच खरडलेलं असतं बऱ्याचदा, त्यावरून पुढच्याने काय समजायचं!